शेऱ्यातला म

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही धरणाच्या पातळीची आहे. तारीख, पातळी, शेरा असे तीन रकाने छापलेले आहेत. दर डिसेंबरात ऑफिसातून ह्यांच्यासाठी नवी वही यायची. यंदाही आली, पण जुनीत पानं शिल्लक होती आणि जुनी संपल्याशिवाय नवी उघडायची नाही हा ह्यांचा खाक्या. त्यामुळे ही कोरी राहिली. लेक फोनवर म्हणाली, "आई, बोलत नाहीस तर निदान लिहीत जा." म्हणून घेतली. रकान्यांच्या रेघा ओलांडून लिहावं लागतं. कागद मात्र जाड आहे.

हे जाऊन आज तीन आठवडे झाले. एकतीस वर्षं रोज सकाळी सातला धरणाच्या पाण्याची पातळी वाचली आणि बारा जानेवारीला तिथल्याच चौकीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, बरं. अजून रडू आलेलं नाही. लोक भेटायला येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि जरा हिरमुसून जातात. मी त्यांना चहा देते.

धरणावरच्या रखवालदाराने चौकीतून पिशवी आणून दिली होती. टोपी, थर्मास, जुनी वही. दुर्बीण तेवढी ठेवून घेतो म्हणाला, कामाला लागते. म्हटलं, ठेव. पिशवी दाराच्या मागे खुंटीला आहे.

आजपासून कामावर.

४ फेब्रुवारी, बुधवार

माझं काम सात वर्षं एकच आहे. पाणी वाटपाच्या ऑफिसात आकडे संगणकात चढवायचे. शनिवारी संध्याकाळी हे वही घरी आणायचे, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आठवड्याचे सात आकडे कागदावर उतरवून घ्यायचे आणि सोमवारी ऑफिसात चढवायचे. फक्त आकडे. शेरा कोणी मागत नाही, संगणकात शेऱ्याला जागाच नाही. एखाद्या दिवशी आकडा नसला तर आदल्या दिवसाचा पुन्हा टाकायचा. आता रखवालदार रोज फोनवर आकडा सांगतो.

ऑफिसात नवं काम आलंय. ह्यांच्या जागी माणूस भरणार नाहीत, पातळी उपग्रह बघणार. त्यासाठी मुख्य ऑफिसातून एक बाई आल्यात. मी मनातल्या मनात तिचं नाव ढगूताई ठेवलं. ढग आले की उपग्रहाला खालचं काही दिसत नाही आणि हिचं काम अडतं. आभाळ आपल्याला पाण्यात बघतं असं तिचं ठाम मत आहे.

तिने मला चांगलं समजावून सांगितलं. उपग्रह पाच दिवसांनी एकदा आमच्यावरून जातो. त्याला खोली दिसत नाही, पाणी किती पसरलंय ते दिसतं. मग जुन्या वह्यांतून बघायचं की इतका पसारा असताना पातळी किती होती. म्हणजे ह्यांच्या एकतीस वर्षांच्या आकड्यांवर उपग्रह शिकणार. मी म्हटलं, "शिकेल. हे चांगलं शिकवतात." बोलून झाल्यावर लक्षात आलं की शिकवायचे म्हणायला हवं होतं. ताई पडद्यावरचं चित्र मोठं करत राहिली.

९ फेब्रुवारी, सोमवार

जुळत नाही. रखवालदाराचा आकडा अडतीस मीटर चाळीस. उपग्रहाचा सदतीस पंच्याहत्तर. पासष्ट सेंटिमीटरचा फरक.

ताई म्हणाली, "दहा-पंधरा इकडेतिकडे मी धरून चालते. पासष्ट नाही चालत."

१० फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांचे बूट उचलून ठेवले. बूट स्वच्छ आहेत. पूर्वी रोज चिखलाचे असायचे, खाली पाण्यापर्यंत जायचं म्हणजे चिखल आलाच. मी तीस वर्षं त्या बुटांवरून बोलले. गेल्या पावसाळ्यापासून मात्र स्वच्छ यायला लागले. बोललेलं कधी ना कधी लागू पडतं, असं मी लेकीला तेव्हा सांगितलं होतं.

दोन अंडी उकडली. एकच खाल्लं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ताईने आधी सगळा दोष स्वतःच्या उपग्रहावर घेतला. हे मला तिच्यातलं आवडलं. काठाला पाणवनस्पती माजली असेल तर उपग्रह तिला जमीन समजतो आणि पाणी कमी दाखवतो. तपासलं, वनस्पती नाही. डोंगराची सावली पाण्यावर पडून घोळ होतो. तीही तपासली, सावली दुपारपर्यंत काठापर्यंतच पोचते.

मग तिने मागची चित्रं काढली. गेल्या वर्षी दोन जूनपर्यंत उपग्रह आणि वही अगदी गळ्यात गळा घालून. त्यानंतर साडेतीन महिने ढग, एकही चित्र नाही. वीस सप्टेंबरला आभाळ उघडलं तेव्हापासून पासष्टचा फरक, आजपर्यंत तसाच.

"म्हणजे जे काही झालं ते ढगांखाली झालं," ताई म्हणाली.

मी आकडे चढवत बसले. शनिवार असून कोणी वही आणणार नाही हे घरी आल्यावर आठवलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. पाच मार्चला खालच्या शेतांसाठी दरवाजा उघडायचा आहे, पंधरा दिवस पाणी सुटेल. वहीच्या आकड्यांप्रमाणे पाणी भरपूर आहे. उपग्रहाप्रमाणे बघितलं तर शेतांना सोडलेलं पाणी पावसाळ्याआधी गावाच्या नळांना कमी पडेल. पासष्ट सेंटिमीटर म्हणजे गावाचं सात आठवड्यांचं पिणं.

साहेब म्हणाले, "मला दोघांपैकी एक खोटा ठरवून द्या."

ताईने सांगितलं, दोन शक्यता आहेत. एक गाळ. पावसाळ्यात काठाला गाळ भरला असेल तर त्याच पातळीला पसारा कमी दिसणार. मग वही बरोबर. दुसरी शक्यता सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. दुसरी शक्यता म्हणजे वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं.

"किंवा घरी बसून लिहिलं," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला लागेल असं बोलायचं नाही मला. पण सहा महिने खोटे निघाले तर बाकीची तीस वर्षं कशाच्या भरवशावर धरायची? अख्खा गठ्ठा बाद करावा लागेल."

मी म्हटलं, "गाळ असेल."

मला गाळ आवडला. गाळ सगळ्यांच्या सोयीचा आहे.

साहेब म्हणाले, कोणीतरी धरणावर जाऊन खालच्या पट्टीवर प्रत्यक्ष आकडा बघून या. खालची पट्टी म्हणजे पाण्यात रोवलेली मोजपट्टी, एकशे अठरा पायऱ्या उतरून जावं लागतं. मी म्हटलं, मी जाते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गेले नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आजही गेले नाही. साहेबांना सांगितलं, कंबर दुखते. कंबर दुखत नाही. काहीच दुखत नाही, हीच तर गंमत आहे. चहाचं भांडं हाताला चटका बसेपर्यंत धरून ठेवलं आणि मग खाली ठेवलं.

लेकीने फोनवर विचारलं, "जेवलीस का?" म्हटलं, हो. "काय?" म्हटलं, जेवण.

ती म्हणाली, "बाबा तुझ्याशी खोटं बोलायचे का गं कधी?" साहेबांचं बोलणं मी तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, "त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल व्हायचे."

मग मला आठवलं की मी त्यांच्या कानांकडे बरेच महिने बघितलंच नव्हतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

गेल्या जुलैत ह्यांनी दुर्बीण मागवून घेतली. मी विचारलं, कशाला? म्हणाले, पक्षी बघायला. एकतीस वर्षं पाण्याच्या काठावर काढली तेव्हा एका पक्ष्याचं नाव कळलं नाही आणि आता हे खूळ. मी रोज संध्याकाळी चेष्टा करायचे, "काय, आज कोण आलं होतं?" म्हणायचे, "एक बगळा. रोज तोच. पाण्यात उभा असतो, हलत नाही."

त्याच सुमाराला वहीत म यायला लागला. शेऱ्याच्या रकान्यात, आकड्याच्या शेजारी, बारीक. रोज. हे मला मनी म्हणायचे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी दुधावरची साय चोरून खाताना सापडले तेव्हापासून मनी. चारचौघांत नाही, घरात. आणि वही शनिवारी माझ्याच हातात येणार हे त्यांना ठाऊक होतं. ह्या वयात सरकारी वहीत बायकोचं नाव लिहितो हा माणूस, असं वाटून मला हसू यायचं. एकदा विचारलं, "हे म काय चालवलंय?" तर म्हणाले, "तुला कळत नाही? ऑफिसात कामाला आहेस ना?" मी म्हटलं, "कळतं हो. सगळं कळतं." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं झालं." आणि चहा पुढे ओढला.

त्यानंतर ते जरा मोकळे झाल्यासारखे वाटले होते. मलाही बरं वाटलं होतं.

हे इथे का लिहिलं कोण जाणे. पातळीशी ह्याचा संबंध नाही.

१ मार्च, रविवार

बोरूकाकांकडे गेले. माझ्या आधी वीस वर्षं ते आमच्या ऑफिसात कारकून होते. संगणक आला त्या महिन्यात निवृत्त झाले. नजर अधू झाली आहे, पण अक्षर अजून छापल्यासारखं. ह्यांच्या वेळी येता आलं नाही म्हणून त्यांनी दोनदा निरोप पाठवला होता. जाताना काहीतरी न्यावं म्हणून मी खुंटीवरची पिशवी काढली आणि जुनी वही घेतली. त्यांना ह्यांचं अक्षर आवडायचं.

त्यांनी भिंग लावून वही चाळली. पावसाळ्याच्या पानांवर आले आणि म्हणाले, "पूर आला होता वाटतं गेल्या वर्षी?"

"नाही. सात वर्षांत पूर नाही."

"मग मनोरा कशाला वाचला ह्याने?"

मी म्हटलं, "कुठला मनोरा?"

"हा काय म लिहिलाय. म म्हणजे मनोरा." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "गावाच्या पाइपाचा पाण्यातला मनोरा असतो ना, त्यावरही आकडे रंगवलेत. पुरात खालच्या पायऱ्या धोक्याच्या, मग वाचणाऱ्याने वर चौकीत उभं राहून मनोऱ्यावरचा आकडा वाचायचा आणि शेऱ्यात म लिहायचा. मनोऱ्याचे आकडे पासष्टने जास्त दाखवतात, रंगाऱ्याने चुकीच्या जागेपासून सुरुवात केली होती. म दिसला की आम्ही पासष्ट वजा करून चढवायचो. ऑफिसातल्या पोराटोरांनाही माहीत असायचं ते."

मी वही माझ्याकडे वळवून घेतली.

"तू करत होतीस ना गं पोरी वजा?"

त्यांच्या सुनेने चहा आणला. चांगला होता. मी पूर्ण प्यायले, कप आत नेऊन विसळला आणि घरी आले.

पहिला म चौदा जुलैचा आहे. त्या आठवड्यात पावसाने पाणी रोज हातभर चढत होतं. पासष्टची उडी त्यात कुणाला दिसणार? मला तर नाहीच.

३ मार्च, मंगळवार

धरणावर गेले.

चौकीत खुर्ची तिथेच आहे. मी बसले नाही. रखवालदाराने दुर्बीण दिली आणि म्हणाला, "वहिनी, मनोऱ्यावर धरा." धरली. पांढरा मनोरा पाण्यात एका पायावर उभा होता. आकडा अडतीस दहा.

मग पायऱ्या उतरले. खालची पट्टी शेवाळलेली होती, हाताने पुसली. सदतीस पंचेचाळीस. दोनदा वाचलं. फरक पासष्ट.

वर चढताना साठाव्या पायरीला थांबले, नव्वदाव्या पायरीवर बसले. मी बावन्न वर्षांची आहे आणि माझं हृदय ठीक आहे. हे छपन्नचे होते आणि रोज एकदा उतरून चढायचे.

रखवालदाराला विचारलं, "तू आकडा कुठून वाचतोस?"

"वरूनच. दादांनी तसंच शिकवलं. शेऱ्यात म लिहायचं म्हणाले होते, पण मी तर फोनवर सांगतो. फोनवर म कुठे लिहिणार?"

"दादा खाली का जात नव्हते?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं ना? जुलैत एकदा मधल्या पायरीवर बसले ते तासभर उठलेच नाहीत. मी म्हटलं, घरी सांगतो. तर म्हणाले, थांब. मग पुढच्या आठवड्यात म्हणाले, घरी कळलंय. हिला सगळं कळतं, पण ती त्याचं अवडंबर करत नाही. मला जपून घेते म्हणाले. म्हणून मीही मग बोललो नाही."

मी म्हटलं, "हो. माहीत होतं."

त्याच्यावर कशाला ओझं टाका? बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. डोळे उघडे ठेवून बसले होते पण रस्त्यातलं काही आठवत नाही.

४ मार्च, बुधवार

साहेबांपुढे वही ठेवली. म दाखवला, बोरूकाकांचं सांगितलं, कालचे दोन्ही आकडे सांगितले. ताईने तिथेच पासष्ट वजा करून पाहिलं. वीस सप्टेंबरपासूनची सगळी चित्रं दहा सेंटिमीटरच्या आत येऊन बसली.

साहेब म्हणाले, "म्हणजे उपग्रहही खरा आणि वहीही खरी. मग चूक कोणाची?"

"चढवणारीची," मी म्हटलं. "वाचणाऱ्याने लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही."

बाहेर शिपाई कोणाला तरी टोकन नंबर विचारत होता. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "उद्याचं पाणी पंधराऐवजी पाच दिवस सोडू. वह्या ठेवा. सगळ्या ठेवा."

ताईने मागाहून माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं की संगणकात शेऱ्याचा रकाना टाकते आहे. मग ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही घरी जा आज. मी चढवते आकडे." मी म्हटलं, मला इथे बरं वाटतं. खरं म्हणजे बरंही वाटत नव्हतं, वाईटही नव्हतं. ऑफिसात आकडे असतात, एवढंच.

मला एक कळत नाही. मला खरोखर कळलं असतं तर मी काय केलं असतं? आरडाओरडा केला असता, डॉक्टरकडे ओढत नेलं असतं, सुट्टी टाकायला लावली असती. आणि मी गप्प राहते हे बघून त्यांना वाटलं की मी समजूतदार आहे. सहा महिने ते एका समजूतदार बाईबरोबर राहिले. ती मी नव्हते.

७ मार्च, शनिवार

साहेबांनी चौदा जुलैपासूनचे आकडे दुरुस्त करून मागितलेत. वही घरी आणली. शनिवार, स्वयंपाकघरातलं टेबल, पूर्वीसारखंच. लेक आली आहे, आत सामान लावते आहे.

ओळीवर बोट ठेवायचं, म बघायचा, पासष्ट वजा करायचे, नवा आकडा लिहायचा. जुलै झाला. ऑगस्ट, सप्टेंबर. काम सोपं आहे. हाताला लागलं की डोकं लागत नाही. अक्षर ऑक्टोबरापासून किंचित तिरकं होत गेलंय. हेही मी दर शनिवारी बघत होते.

सगळं संपल्यावर ताळा घेतला, ती सवय आहे. चौदा जुलै ते अकरा जानेवारी, ओळी एकशे ब्याऐंशी. म मोजले, एकशे ब्याऐंशी. दुरुस्त केलेले आकडे मोजले, एकशे एक्याऐंशी.

पुन्हा मोजले. तेवढेच.

लेक बाहेर येऊन म्हणाली, "काय हरवलं?" म्हटलं, एक आकडा हरवलाय. ती शेजारी बसली आणि आम्ही एकेक ओळ बघत गेलो. तिनेच दाखवली. नऊ डिसेंबर. पातळीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. शेऱ्यात लिहिलंय, "धुकं. काही दिसत नाही." आणि त्याच्यापुढे, बारीक, म.

मी त्या आठवड्यात नेमाप्रमाणे आठ तारखेचा आकडा पुन्हा टाकला असणार.

लेक म्हणाली, "मनोरा दिसलाच नाही तर मग म कशाला लिहिलाय?"

मला ती चोरून खाल्लेली साय आठवली. सवयीने लिहिला असेल, असं साहेब म्हणतील. म्हणू देत. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि वही भिजू नये म्हणून जरा बाजूला सरकवली.

मग तोंड धुऊन आले आणि यादी पुरी केली. नऊ डिसेंबरच्या ओळीत वजा करण्यासारखं काही नव्हतं. ती तशीच ठेवली.